मागच्या अंगणातलं ऊन

६ एप्रिल

ताई, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या लग्नाला तुम्ही नव्हतात आणि त्यानंतर या घरात तुमचं नाव कुणी काढलेलं मी ऐकलं नाही. पत्ता तुमच्या मावशींकडून मिळवला. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले, शेवटी दिला आणि माझं नाव मात्र सांगू नकोस म्हणाल्या. ते मी पहिल्याच दमात सांगून बसले. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. पत्राचं कारण अंजिराचं झाड आहे.

आईंची बाग तुम्हाला आठवत असेल. स्वयंपाकघराच्या मागे, कुंपणाच्या भिंतीपर्यंतची ती पट्टी. कोपऱ्यात अंजीर, मांडवावर द्राक्षाचा वेल, भिंतीलगत गुलाब, दाराजवळ लिंबू. आईंच्या माघारी, निवृत्त झाल्यापासून बाबा ती सांभाळतात. आयुष्यभर आगीच्या बंबावर काढलेला माणूस, बागही तशीच चालवतात. खुरपी, कात्री, फावडं भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेली. नळीचं वेटोळं असं, की घंटा वाजली तर तसंच उचलून धावावं. गल्लीतले त्यांना बंबकाका म्हणतात आणि त्यांना ते आवडतं, पण तसं दाखवत नाहीत.

यंदा ऊन लवकर आलं आणि आल्यापासून बसलं आहे. सकाळी नऊलाच अंगणातली फरशी चटके देते. वारा येतो तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. अंजिराची पानं कडेने करपून आत वळली आहेत, वेलावरचे मणी मिरीएवढे होऊन सुकले आहेत. त्यात पाणी एक दिवसाआड, आणि नगरपालिकेने नळीने झाडांना पाणी घालायला बंदी केली आहे. शेजारीपाजारी अंधार पडल्यावर गुपचूप घालतात. आमच्याकडे ते शक्य नाही. बाबांनी ज्या दिवशी नोटीस वाचली त्या दिवशी नळी खुंटीला टांगली. तेव्हापासून भांड्यांचं आणि कपड्यांचं पाणी बादलीने नेतात. कंबर धरली तरी नेतात. मी उचलायला गेले की म्हणतात, तू गाडी शिकव, हे मी बघतो. (मी मोटार शिकवते. शेजारी बसते, माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो. संसारात अशी सोय नाही, हेच काय ते दुःख.)

मावशी म्हणाल्या, आईंबरोबर बागेत सदोदित तुम्हीच असायचात. मागेही असा एक उन्हाळा झाला होता आणि तेव्हा दोघींनी अंजीर वाचवला होता. कसा, तेवढं कळवाल का? बाबांना हे पत्र माहीत नाही. तुमच्या भावालाही नाही.

२४ एप्रिल

ताई,

तुमचं कार्ड आलं. शेवटी "पुन्हा लिहू नये" असं लिहिलं आहे ते वाचलं. तरी लिहिते आहे, कारण पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं असं वाटतं. नंतर हवं तर पत्र फाडून टाका.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा जाड थर दिला, दुपारचं पाणी बंद करून पहाटे घालायला लागलो, भिंतीची झळ लागू नये म्हणून भिंत आणि झाड यांच्यामध्ये जुनी चादर ताणली. राहिला खोडाला लावायचा चुना. हे सगळं बाबांच्या गळी उतरवायचं तर कुणाचं तरी नाव सांगायला हवं. मी सांगितलं, माझ्याकडे एक गृहस्थ गाडी शिकायला येतात, त्यांची मोठी बाग आहे, त्यांनी सांगितलं.

बाबा आरशापुढे दाढी करत होते. चुन्याचं ऐकून वस्तरा थांबला. विचारलं, "चुना कालवताना त्यात थोडं दूध घालायचं, हे नाही सांगितलं?"

मी म्हटलं, नाही.

"मग विसरली असेल," ते म्हणाले, आणि पुन्हा गालावर वस्तरा फिरवायला लागले.

मी गृहस्थ म्हटलं होतं, ताई. संध्याकाळी त्यांनी स्वतः चुना कालवला, दूध घालून. खोडाला हात देताना मुलाच्या पाठीला तेल लावावं तसा लावत होते.

पण सगळंच वाचणार नाही. टोमॅटो आणि घेवडा त्यांनी पाणी तोडून सोडून दिले. गुलाबांनाही आता नाही. मला वाईट वाटलं, एखादा तांब्या तरी घालू या म्हटलं. तर म्हणाले, आगीत गेलो की पहिलं हेच ठरवावं लागतं. जे घर पेटलं ते गेलं, त्याच्यावर पाणी घालायचं नाही. त्याच्या शेजारचं भिजवायचं. नवीन पोरांना हे पटत नाही, रडतात, पण तसं केलं नाही तर दोन्ही जातात.

हे सांगताना ते गुलाबांकडे बघत नव्हते.

९ मे

ताई,

घाईत लिहिते आहे. अंजीर धरून आहे, दोन फांद्या सोडल्या तर. वेल गेल्यात जमा.

बाबांना परवा जरा चक्कर आली. उन्हाने. आता बरे आहेत, आराम करताहेत. तुम्ही इस्पितळात काम करता असं मावशींनी सांगितलं, म्हणून सहज विचारते. वयस्कर माणसाला लघवी फार कमी आणि चहासारख्या रंगाची होत असेल, तर पाणी खूप पाजावं की बेताने? इथले डॉक्टर बेताने म्हणतात आणि कारण सांगत नाहीत. पायांना थोडी सूज असते का अशा वेळी? माणूस माणसं ओळखतो, पण वार विचारला तर चुकीचा सांगतो, हे कितपत चालतं?

सहजच विचारलं. काळजीचं काही नाही.

१७ मे

ताई,

तुमचं उत्तर वाचून मला माझीच लाज वाटली. "सहज विचारणारी माणसं लघवीचा रंग लिहीत नाहीत. काय झालं ते स्पष्ट लिहा." बरोबर आहे. लिहिते.

तुम्ही सांगितलेली ती चादर गरम वाऱ्याने फाटली. मी दुपारी गाडीवर होते, तुमचा भाऊ कामावर. तो बर्फाच्या कारखान्यात आहे, गावभर लोक भाजताहेत आणि हा लोकरीची टोपी घालून बसतो. बाबांना डॉक्टरांनी आधीच दुपारी बाहेर जाऊ नका म्हणून बजावलं होतं. पण चादर फडफडताना दिसली असणार. ऐन बाराला शिडी लावून चढले. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना कुंपणावरून शिडी दिसली आणि शिडीवर माणूस दिसेना, म्हणून त्या धावल्या. बाबा झाड आणि भिंत यांच्यामध्ये पडले होते. किती वेळ, कुणाला ठाऊक नाही. अंग तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. बाई मोठ्या धीराच्या. शिवायला आलेलं कापड पाण्यात बुचकळून त्यांच्या अंगावर टाकलं, तुमच्या भावाला निरोप पाठवला. तो गोणपाटात बर्फाच्या लाद्या गुंडाळून आला. मी पोचले तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या जमिनीवर बर्फात पडून "नळी मागे घ्या, नळी मागे घ्या" असं ओरडत होते.

चादर तुम्ही सांगितली म्हणून हे झालं, असं मनात आणू नका. तुम्ही दुपारी चढा असं नव्हतं लिहिलं. मागच्या पत्रात हे लपवलं ते एवढ्यासाठीच.

जीव वाचला. किडन्यांवर ताण आला आहे, अजून इस्पितळातच आहेत. पण आज लिहायचं कारण वेगळं आहे.

इस्पितळात एका सकाळी मी त्यांच्या उशाशी बसले होते. ताप नव्हता, भ्रम नव्हता, वारही बरोबर सांगत होते. नर्सबाई येऊन सलाईन बदलून गेल्या. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, ती पण हेच करत असेल. मी हो म्हटलं. मग आपणहून बोलायला लागले, छताकडे बघत, अपघाताची हकीगत वरिष्ठांना सांगावी तसे.

"ती मागच्या दाराने आली होती. हाताला पट्टी होती. मी पट्टी पाहिली. पाहिली आणि तिला पायरीवरूनच परत पाठवलं. म्हटलं, आपल्या घरी जा."

मी विचारलं, का?

"दुसऱ्या दिवशी तुझे वडील यायचे होते. बोलणी पक्की करायला."

थोरली नवऱ्याला सोडून माहेरी येऊन बसली आहे, असं कळलं तर सोयरीक मोडेल, अशी त्यांना भीती वाटली. लग्न होईपर्यंत तिने कळ काढावी, मग बघू, असा त्यांचा हिशेब होता. तुम्ही नवऱ्याकडे परत गेलाच नाहीत हे त्यांना बऱ्याच दिवसांनी कळलं. कुठे आहात हे कळायला आणखी वेळ लागला. मग बघू म्हटलेलं ते राहूनच गेलं. पेटलेलं घर सोडलं आणि शेजारचं भिजवलं, ताई. ते शेजारचं घर म्हणजे मी.

मी तुमची माफी मागत नाही, कारण मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाबांची भीती खोटी होती असंही म्हणत नाही. माझे वडील आता नाहीत, पण मी त्यांना ओळखत होते. सोयरीक मोडली असती. मी दुसऱ्या कुठल्या घरात असते आणि तुम्ही इथे अंजिराखाली बसून हात बरा केला असता. त्या दिवसापासून मी या घरात जिथे जाईन तिथे मला तुमच्या जागेवर बसल्यासारखं होतं. दुसऱ्याच्या खुर्चीची ऊब लागावी तसं.

ते किती दिवसांचे सोबती, डॉक्टर काही सांगत नाहीत. तुम्ही यावं असं मी म्हणू शकत नाही. मला तो अधिकार नाही. फक्त त्यांनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एवढं तुम्हाला माहीत असावं.

२ जून

ताई,

"रजा मिळाली आहे, येते" एवढंच लिहिलंत. पुरे आहे.

इथे काय दिसेल ते आधीच सांगते. बाबा घरी आले आहेत. वाळले आहेत, हात थरथरतो. उन्हात जायची सक्त मनाई आहे, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बागेकडे बघत बसतात. बघायला फारसं काही उरलेलं नाही. ते इस्पितळात होते तेव्हा आम्ही दोघं तिकडेच असायचो, बागेकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि तेवढ्यात उन्हाने डाव साधला. वेल गेला. गुलाब गेले. अंजिराने सगळी पानं टाकली. लिंबू तेवढं दाराच्या सावलीत तग धरून आहे.

तुमच्या भावाला मी सगळं सांगितलं, पत्रांबद्दलही. मला वाटलं तो मी परस्पर पत्रं लिहिली म्हणून चिडेल. चिडला नाही. मग कळलं की तुम्ही मागच्या दाराने आलात त्या संध्याकाळी तो आतल्या खोलीत होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. बाहेर आला नाही. मी त्याला नको ते बोलले. तू बर्फातच काम कर, तुला तेच शोभतं, असंही बोलले. आमच्यात आठवडाभर अबोला होता. मग एका संध्याकाळी तो कामावरून आला आणि कपडेही न बदलता वेलाचा वाळका मांडव उतरवायला लागला. मी चहा नेऊन दिला. तो म्हणाला, ती आली की तिच्याशी काय बोलू? मी म्हटलं, ते मला विचारू नकोस.

तुम्ही येताय हे बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून थरथरत्या हाताने रोज दाढी करायला लागले. गालावर दोन ठिकाणी कापलं आहे. मी करते म्हटलं तर ऐकत नाहीत.

पुढच्या दाराने या.

२६ जून

ताई,

तुम्ही सुखरूप पोचलात हे कळलं. तुम्ही होतात त्या दिवसांत आपण दोघी कितीतरी कामं एकत्र केली आणि बोललो फारच थोडं. म्हणून हे शेवटचं लांबलचक पत्र. मला लिहूनच बोलता येतं असं दिसतंय.

तुम्ही दारातून आत आलात आणि कुणाकडे न बघता थेट बाबांपुढे खाली बसून त्यांच्या पायावर अंगठा दाबून सूज बघितलीत, तेव्हा मला रडू आवरेना म्हणून मी आत गेले. दिवसाला पाणी किती, मीठ किती, हे तुम्ही विचारत होतात आणि ते मान खाली घालून वरिष्ठांना द्यावी तशी उत्तरं देत होते. तुमच्या भावाने तुमची बॅग उचलली ती तशीच हातात धरून कितीतरी वेळ उभा होता. तुम्हीच शेवटी ती त्याच्या हातातून घेतलीत.

अंजिराचा तो दिवस मला फार दिवस आठवेल. तुम्ही नखाने साल खरवडून बघत होतात, एकेक फांदी, मग खोड, मग बुंध्याशी बसून. सगळीकडे कोरडं. तुम्ही भावाला करवत आणायला सांगितलीत आणि दोघं बहीणभाऊ एकेका टोकाला बसलात. बाबा खिडकीतून बघत होते. मला वाटलं ते थांबवतील. आईंनी लावलेलं झाड. थांबवलं नाही. खोड पडलं तेव्हा फक्त हात उघडून मिटले.

मग तुम्ही आत आलात, हातांना भुसा लागलेला, आणि त्यांच्यापुढे उभ्या राहून विचारलंत, "माझा हात बघितला होता ना तुम्ही?"

मी चुलीपाशीच होते. निघून जावं की थांबावं, कळेना.

"बघितला होता," ते म्हणाले. "मी घाबरलो, बाळ."

तुम्ही हात धुतलेत. मग मापाच्या पेल्यात पाणी ओतून त्यांच्या हातात दिलंत आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिलात. मी वाट बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं म्हणजे ते ठरवणं माझं काम नाही. तुम्ही गेल्यावर बाबांनी मला विचारलं, ती रागावली आहे का अजून? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, बरोबर आहे.

पण हे पत्र मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतलं.

तुम्ही निघालात तेव्हा भर दुपार होती. टॅक्सी दारात उभी होती. तुम्ही सगळ्यांचा निरोप घेऊन, बाबांच्या खांद्याला नुसता हात लावून बाहेर पडलात. मी सामान ठेवायला तुमच्या मागोमाग आले. टॅक्सी सुरू झाली आणि तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. त्याचा राग नाही, मीही नसतं बघितलं. पण म्हणून तुम्हाला दिसलं नाही ते मी सांगते.

बाबा बाहेर आले होते. मनाई असताना, टोपीशिवाय, रस्त्याच्या मधोमध. डांबर इतकं तापलेलं की चप्पल चिकटत होती. शिवणवाल्या बाई दारात मशीन टाकून बसल्या होत्या. समोरचे दुकानदार होते, पाण्याच्या टाकीपाशी रांगेत बायका होत्या. बाईंनी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "बंबकाका, पाहुण्या कोण होत्या?"

ते नुसतं नाव सांगतील असं वाटलं. त्यांनी टॅक्सीवरून नजर काढली नाही. पण आवाज मोठा होता, बंबावरून ओरडत असतील तसा. सगळ्या गल्लीने ऐकला.

"पाहुणी नाही. माझी थोरली मुलगी. नवऱ्याने हात मोडला म्हणून माझ्या दारात आली होती आणि मी तिला घरात घेतलं नव्हतं."

बाईंचं मशीन थांबलं. टाकीपाशी कुणीतरी नळ बंद केला. शेवटी बाईच म्हणाल्या, ऊन फार आहे काका, आत चला. ते हलले नाहीत. टॅक्सी कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली, तरी तिथेच उभे.

तुमचा भाऊ त्यांना आणायला निघाला. मी त्याला हाताने थांबवलं. आतून छत्री आणली आणि त्यांच्या डोक्यावर धरून शेजारी उभी राहिले.